बाविसाव्या पानावर वर गेलेला हात

"ए पत्रकवाल्या, इकडं ये बे. अहवाल उघड. पान बावीस. मोठ्यानं वाच."

साखर कंपनीचे अध्यक्ष माइकवरून बोलत होते. चौसाळ्याजवळ मंडपात भागधारकांची वार्षिक सभा. दारात सही केली की अहवाल आणि साखरेचं कूपन मिळतं. मी कूपन खिशात घातलं. अहवाल उघडलाच नाही. माझं पत्रक आधीच छापून, वाटून झालं होतं : 'कंपनी कर्जात बुडवली.'

वाचलं. दीर्घ मुदतीचं कर्ज. आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी.

"कमी म्हंजी? फेडलं का बुडवलं?"

"फेडलं."

"कोयत्यावाल्याचं पोरगं ताळेबंद तपासाया लागलंय. उद्यापून आमीच जातो ऊस तोडाया."

मंडप हसला. शेजारी अण्णा, माझे वडील, खाली बघत होते. वीस हंगाम कोयता चालवून त्यांनी दोन शेअर घेतलेले. एक त्यांच्या नावावर, एक माझ्या.

"मग कर हात वर. म्हण, अहवाल मंजूर."

मी केला. म्हणालो. माझा हात बघून अण्णांचाही वर गेला.

वाटेत अण्णा एवढंच बोलले, "वाचून तरी जायचं हुतं."

टॅक्सचे फॉर्म भरून देणाऱ्या एका ताईंकडं अहवाल नेला. त्या म्हणाल्या, "तीन पानं फुडं जा. वर्षाच्या आत फेडायचे हप्ते दीर्घ मुदतीतून काढून इथं, चालू देण्यांत मांडतात. कर्ज फिटलं न्हाई, नुसतं पान बदललं."

दोन्ही पानांची बेरीज केली. कर्ज वाढलेलं. खाली बारीक अक्षरात तारण : कारखान्याची जमीन, सगळी यंत्रं. हप्ते थकले तर हे सगळं जाणार. अण्णांच्या वीस हंगामांचा नुसता कागद उरणार.

अध्यक्षांना पंचविसावं पान ठाऊक होतं. म्हणून तर मला बाविसाव्यावर थांबवलं. कोयत्यावाल्याचं पोरगं असल्याची मला लाज नाही. न वाचता खरं लिहिलं आणि अर्धं वाचून खोट्याला हात वर केला, त्याची आहे. कूपनाची ती साखर आम्ही वर्षभर चहात घातली.

यंदाचा अहवाल आलाय. अण्णांसमोर दोन्ही पानं वाचली. बेरीज त्यांनीच केली, दोनदा. मग म्हणाले, "मी बी तुज्याजवळच बसतो."

सभेत मी माइक मागणार. नाही दिला तर तसाच ओरडून वाचणार, बावीस आणि पंचवीस, दोन्ही. कूपन दारातच परत. मंजूर का, असं विचारतील तेव्हा मंडपात आमचे दोन हात खाली असतील. मोजून घ्या.