घळीखालचं बंदर

आमचा काका शिंपी, पण त्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता तो बंदराची गोष्ट सुरू करायचा. बेटाच्या मागच्या अंगाला एक घळ आहे, तिच्या तळाशी समुद्र गुपचूप आत येऊन बसलाय, आणि तिथली वाट आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही! मागच्या खोलीत काजं करणारी काकू मानही वर करायची नाही.

एकदा त्याचे नवे व्याही मुक्कामाला आले. सगळं ऐकून म्हणाले, "मग दाखवा की."

आता व्याह्यांसमोर नाक कोण कापून घेणार? सकाळी निघालो. काका पुढे, मागे व्याही, मग डबे घेऊन मी, शेवटी काकू.

घळीत थोडं उतरल्यावर दोन फाटे लागले. काका छाती पुढे काढून उजवीकडे शिरला. पुढे सरळ कडा. घामाघूम होऊन परत आला. "मधे दरड कोसळली असणार," म्हणाला. व्याही मिशीतल्या मिशीत हसले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूनं चपला हातात घेतल्या आणि ती डावीकडे उतरू लागली. कुठे बसून सरकायचं, कुठला दगड हलतो, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. खाली हिरवं, संथ पाणी. होडीला डांबर लावणारा एक म्हातारा ओरडला, "काय वहिनी, आज सोबत माणसं?"

काकाचा चेहरा खर्रकन उतरला. "तू इथे येतेस? कधीपासून?"

"माझी आई गेली तेव्हापासून."

"मला सांगायचं तरी."

"शाळेच्या गणवेशांची घाई होती. तुम्ही म्हणालात, आधी काजं संपव, मग काय रडायचं ते रड. संपवली. मग घरात एका खोलीत गिऱ्हाइकं, दुसरीत कापडाचे ढीग. इथे आले."

काकाला ते आठवलं असावं. कानापर्यंत लाल झाला. इतकी शरम मी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला ती पाहून बरं वाटलं.

तेवढ्यात पाण्यापर्यंत जाऊन आलेल्या व्याह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बंदर आहे की खरंच! मानलं बुवा तुम्हाला!"

"मला नका मानू," काका म्हणाला. "लहानपणी एकदाच आलो होतो, बापाच्या खांद्यावर. वाट मला माहीतच नव्हती." मग तो काकूशेजारी खडकावर टेकायला गेला.

"तुम्ही तिकडे बसा," काकू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "इथे मी एकटी बसते."

काका मुकाट्यानं म्हाताऱ्याच्या होडीपाशी जाऊन बसला.