फर्म्यावरचा तिरका बाण

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या माझ्या जीन्सच्या कारखान्याला सुट्टी होती, म्हणून कटिंगचं टेबल झाडायला घेतलं. टेबलाखाली ग्लास फायबरच्या कापडाची गुंडाळी होती, लेकीच्या रेसिंग गाडीच्या कामातून उरलेली.

लेक बदलापूरला इंजिनिअरिंग शिकते. तिथली मुलं कॉलेजांच्या स्पर्धेसाठी छोटी फॉर्म्युला गाडी बांधतात. गाडीच्या मागे पंख असतो, विमानाचा उलटा बसवल्यासारखा. तो वाऱ्याच्या जोरावर गाडीला रस्त्याशी दाबून धरतो, म्हणजे वळणावर ती घसरत नाही. हा पंख लेकीच्या जबाबदारीचा. जेवताना तेच पुराण. "आई, मोठ्या फॉर्म्युला गाड्यांना यंदा मुद्दाम हलणारे पंख दिलेत. आणि आम्हाला? नवा नियम! वजन टाकल्यावर पंख जास्त वाकला की गाडी बाद."

पंख बनतो कापडाचे थर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून. कापायला तिने मागच्या आठवड्यात कापड आणि कागदी फर्मे माझ्याकडे आणले होते.

"बाण बघून ठेव हं."

"मला कापड शिकवतेस?" मी म्हटलं. ती लेक्चरला पळाली.

फर्म्यावरचा बाण कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला ठेवायचा ते सांगतो. अर्ध्या फर्म्यांवर तो तिरका होता. जीन्स तिरकी कापली की दोन धुण्यांत पाय पिळतो. असं कापणाऱ्या कारागिराला मी टेबलावरून उठवते. शिवाय तिरक्या मांडणीत कापड वाया जातं. पोरीने घाईत बाण चुकवला असं समजून मी सगळे फर्मे सरळ लावून कापले. तिला विचारलं नाही. एवढं कापड वाचवलं याचं मला कौतुकच वाटलं होतं.

टेबल झाडून होतंय तोवर तिचा फोन आला. "आई, उरलेलं कापड घेऊन ये. पंख फेल झाला."

स्कूटर काढून बदलापूरला गेले. कॉलेजच्या शेडमध्ये पंखाच्या कडेला वजन लावलं होतं आणि पंख पिळवटला होता, अगदी तिरक्या कापलेल्या जीन्ससारखा. "विंग नाही रे, पापड आहे!" एक मुलगा हसला. दुसऱ्याने मला खुर्ची दिली, "काकू, बसा." तो टीमचा कॅप्टन. मग लेकीकडे वळून म्हणाला, "पीळ तिरके धागेच अडवतात. तिरके थर असते तर पिळला नसता. तू आखतानाच चुकलीस."

"तिरकेच आखलेत मी."

"मग हे काय? जाऊ दे. उद्यापासून पंख दुसरं कोणीतरी बघेल."

लेकीची नजर माझ्या हातातल्या गुंडाळीवर गेली. "एवढं उरलं?"

"जपून कापलं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण तेवढंच बोलून मी खुर्चीत बसून राहिले. कारागिराने चूक लपवली तर मी चार जणांसमोर बोलते. इथे चार पोरांसमोर माझं तोंड उघडलं नाही. परतताना ती स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "माझंच गणित चुकलं असणार." अंबरनाथ येईपर्यंत मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. घरी ती वह्या काढून तेच गणित पुन्हा करत बसली आणि मी तिच्यासमोर पोळ्या लाटत राहिले. त्या रात्रीची माझी मलाच किळस येते.

सकाळी चहा तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. बाण मी सरळ केले.

ती चिडली नाही. "तू कापलंस म्हणून मी बघितलंच नाही," एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

कारखाना उशिरा उघडेन असं कारागिरांना कळवून तिच्याबरोबर बदलापूरला गेले. शेडमध्ये सगळी टीम होती. उभ्यानेच सांगितलं, "हिने बरोबर आखलं होतं. बाण मी फिरवले, आणि काल गप्प बसले."

पापडवाला मुलगा बुटांकडे बघत होता. मग कॅप्टन लेकीकडे बोट करून म्हणाला, "काकू, फर्मे ही ठेवेल. तुम्ही फक्त कापा."

लेकीने फर्मा तिरका ठेवला. मी कात्री लावली.