शिंदखेड्याच्या उन्हात फुटलेली ट्यूब

धुळ्याच्या एका क्लासमालकाने माझ्या मित्राला, सुभाषला, फसवलं. सुभाषने रचलेली गणितं स्वतःच्या नावाच्या गाईडमध्ये छापली. महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला, सुभाष गेला... आणि रडू येण्याआधी मला ते गाईड आठवलं.

ऐंशीच्या दशकात जळगावला, पिंप्राळ्यात एका खोलीत राहून आम्ही बारावी केली. त्या सुट्टीत मी त्याच्या गावी, शिंदखेड्याला गेलो. सकाळी दुकानातून माझ्या सायकलीत हवा भरून घेतली. दुपारी उन्हात उभ्या उभ्या ट्यूब फुटली. मी दुकानदाराला धरलं. सकाळी सत्तावीस अंश, आता उन्हात टायर चोपन्न. उष्णता दुप्पट, म्हणजे आतला दाबही दुप्पट. एवढी ठासून हवा भरलीच कशाला? नवी ट्यूब फुकट दे. माणूस नरमला, खुंटीवरची ट्यूब त्याने काढलीही... तेवढ्यात सुभाष म्हणाला, "भाऊ, शून्य कथाईन धरं तू, ते पहिले सांग."

"शून्य कुठून म्हणजे? तू गप बैस."

त्याने काडीने मातीत २७३ लिहिलं. वायूचं शून्य बर्फाच्या कितीतरी खाली असतं. दोन्ही तापमानांत २७३ मिळवायचे. तीनशेचे झाले तीनशे सत्तावीस. दाब वाढला शंभराला नऊ. "ट्यूबच सडेल शे," तो म्हणाला. सडलेली होती म्हणून फुटली, दुकानदाराचा दोष नाही. दुकानदाराने नवी ट्यूब परत टांगली आणि सुभाषला चहा पाजला. मला नाही.

पुढे मी यावलला केळीच्या धंद्यात पडलो, तो धुळ्याच्या त्या क्लासात रसायनशास्त्र शिकवू लागला. माझ्या केळी पिकवायच्या खोलीत किती कार्बाइडमधून किती गॅस निघेल, हे त्यालाच विचारायचो. आकडा कमी-जास्त करायला गेलो की म्हणायचा, "समीकरणमा भाव व्हत नही, भाऊ."

ही दोन्ही गणितं तो दर वर्षी मुलांना घालायचा. नव्वदीत गाईड आलं. त्यात माझी ट्यूब, माझी केळी, सगळं होतं. सुभाषचं नाव कुठेच नव्हतं. मी तडक क्लासवर निघालो होतो. त्याने हात धरला. "उत्तरं बरोबर छापेल शेतस ना? मंग बस."

परवा त्याच्या घरी गेलो. तो घरी शिकवायचा त्या फळ्याच्या कोपऱ्यात २७३ आहे. कुठलंही गणित सुरू करण्याआधी तो आकडा समोर हवा, म्हणून त्याने तो ऑइलपेंटने काढला होता. वहिनींनी फळा पुसला, तेवढा राहिला...

आता माझा हात धरणारा कोणी नाही. गाईड अजून विकलं जातंय. त्या क्लासमालकाने चार लोकांसमोर उभं राहून एवढंच सांगावं, शिंदखेड्याच्या उन्हात फुटली ती ट्यूब कोणाची होती?