'श्री गणेश प्रसन्न' नावाचं फोल्डर

"चार वाजता जीप निघते सर. त्याच्या आत होईन ना?" मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा 'होईल' म्हणालो, आणि स्क्रीनवर पुन्हा एरर आली.

मोताळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी अठरा वर्षं गेली. हे दुकान भास्करभाऊ आणि रहीमभाईंचं. शाळेपासूनचे दोस्त, आता स्टिकर कटिंगमध्ये भागीदार. मॅडम म्हणजे धामणगाव बढ्याच्या एका शाळेच्या खेळाच्या बाई. त्यांच्या मुलींची कबड्डीची टीम पहिल्यांदाच जिल्ह्याला चालली होती. जर्सीवर नंबर नसला तर पंच मैदानात उतरू देत नाहीत. टेबलावर बारा जर्सी कोऱ्याच पडलेल्या.

नंबर कापायचं मशीन धडधाकट होतं. त्याला चालवणारा जुना कॉम्प्युटर गेला होता, आणि मशीन बनवणारी कंपनी कधीचीच बंद. नव्या कॉम्प्युटरवर चालेल असं एकच सॉफ्टवेअर मला सापडलं. कुणा भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं. पण तयार नाही, नुसता सोर्स कोड. सोर्स कोड म्हणजे जवारी. कॉम्प्युटरला लागते भाकर. दळणं, मळणं, भाजणं आपल्याकडे. त्यालाच बिल्ड करणं म्हणतात. 'मेक' अशी कमांड दिली की ते आपोआप होतं. म्हणजे व्हायला पाहिजे.

होत नव्हतं. शेवटी 'एरर टू' यायचं आणि सगळं ठप्प. मी नेटवर ती एरर शोधत बसलो. कम्पायलर, म्हणजे दळायचं जातं, बदललं. लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, दोन टाकले. दीड तास गेला, तरी तेच.

इकडे रहीमभाईंनी कात्री काढली.

"काय करून राह्यला बे?" भास्करभाऊंनी विचारलं.

"हातानं कापून राह्यलो. पोरी काय कोऱ्या जर्सीवर खेळतीन?"

"बारा जर्सीचे आकडे? उद्या उजाडते मंग."

"होतीन तेवढे होतीन."

एकचा आकडा झाला, दोनचा झाला. त्यांचं ते निमूट कापणं बघून मला माझीच लाज वाटली. मी पाणी प्यालो आणि जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. एररची पहिली ओळ वाचली. 'श्री' नावाचं फोल्डर सापडत नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं.

"भाऊ, 'श्री' नावाचं फोल्डर आहे का?"

"'श्री गणेश प्रसन्न' हाय. नव्या कॉम्प्युटरवरचं पहिलं फोल्डर. नारळ फोडून केलं. तुमाले म्हटलं नव्हतं का, काम त्यातच सुरू करा म्हणून?"

म्हटलं होतं. आमच्याकडे रीतच आहे ती. पूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे, आता कॉम्प्युटरवर. पण कुठेतरी बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या भल्या माणसाला हे काय माहीत? फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, हे त्याने धरलंच नव्हतं. 'श्री'नंतर जागा आली की त्याचं सॉफ्टवेअर समजायचं, नाव संपलं.

भास्करभाऊंचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या गणपतीनं काम अडवलं?"

"गणपतीनं नाही हो. मधल्या मोकळ्या जागेनं, आणि माझ्या आळसानं."

रहीमभाई मान वर न करता म्हणाले, "माह्या फोल्डरात टाका. सातशे शहाऐंशी, आमचं बिस्मिल्ला. त्याच्या नावात मोकळी जागाच नाही."

"टाका, टाका," भास्करभाऊ म्हणाले. "गणपतीले काम झालेलं पाह्यजे. कुठी झालं ते तो पाह्यत नाही."

सगळं तिकडे हलवलं आणि पुन्हा 'मेक' दिलं. पाच मिनिटांत बिल्ड पार. मग 'मेक इन्स्टॉल', म्हणजे झालेली भाकर ताटात वाढणं. मशीन घुरघुरलं आणि त्याने तीनचा आकडा कापला. त्या दोघांना मिठी मारावी असं वाटलं मला.

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटच्या जर्सीवर नंबर चिकटवायला इस्त्री फिरत होती. रहीमभाई ओशाळले. "एकचा आकडा वाकडा झाला मॅडम. मशीनवर काढून देतो."

"राहू द्या भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तो आमची कॅप्टन घालीन."

पोरी सेमीफायनलला दोन गुणांनी हरल्या. त्यांचा फोटो दुकानात लावलाय. एकचा आकडा जरा डावीकडे कललेला. भास्करभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात, "हा आमच्या रहीमनं हातानं कापला."

मी एवढं शिकलो की एरर पहिल्या ओळीपासून वाचावी. भास्करभाऊंनी फोल्डरचं नाव बदललं नाही, मीही बदला म्हणालो नाही. आता काही बिल्ड करायचं असलं की ते स्वतःच माझ्या भाकरीच्या भाषेत सांगतात, "रहीमच्या घरी रांधा सर, अन् जेवाले माह्या घरी आणा."