‘बघू’ कुणी मोजायचं?

“नकार? एकही नाही,” डॉक्टर म्हणाले आणि मी टॅबवर शून्य टाकलं.

उमरग्यातलं हे हाडांचं हॉस्पिटल. माझं काम सर्व्हेचं. आरोग्य विमा योजना धड चालते का, हे पेशंटसारखं डॉक्टरांनाही विचारायचं. ऑपरेशनआधी हॉस्पिटलला विमा कंपनीची परवानगी घ्यावी लागते, तिला प्री-ऑथ म्हणतात. किती वेळा परवानगी नाकारली, त्यावर योजनेला मार्क. लोहाऱ्यातही शून्यच मिळालं होतं. मी येडशीची, याच जिल्ह्यातली. आपल्याकडं काहीतरी नीट चाललंय म्हणून मी जाम खूश होते.

तेवढ्यात मारुती नावाचा मेंढपाळ दारात आला. मेंढरं भावाच्या हवाली करून आलेला, आई आत खाटेवर. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं.

“डॉक्टरसाहेब, कंपनीचं काय झालं?”

“बघू म्हणालेत, मारुती.”

“परवा बी बघूच म्हनले व्हते. आई लई कण्हतीया वो. कुशीवर बी वळंना.”

तो आत गेल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “असंच पडून राहिली तर म्हातारी पुन्हा उठायची नाही.”

“मग प्री-ऑथ टाका की!”

“आधी त्यांना फोन करायची पद्धत आहे. ते बघू म्हणाले की फाइल टाकायची नाही. थांबायचं.”

“किती?”

“पेशंट कंटाळून सोलापूरला जाईपर्यंत. नाहीतर घरी.”

“अहो, मग हा नकारच झाला!”

“नकार कसा? ‘नाही’ असं कुणी म्हणालंच नाही ना.”

अगं बाई, म्हणजे लोहाऱ्याचं शून्यही असलंच! आमच्याकडं सोयरीक करायची नसली की बघू म्हणतात, आणि त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आमच्या सर्व्हेला तेवढंही कळत नव्हतं.

“लावा फोन,” मी म्हणाले. “स्पीकरवर.”

“बघू ना सर,” पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता.

माझं डोकं सटकलं. “मी सर्व्हेवाली बोलतेय. या बाईंच्या ऑपरेशनला हो का नाही, एवढंच सांगा. नाही असेल तर नाही लिहिते.”

पलीकडून लगेच आवाज आला, “सर, फाइल टाकून द्या.”

संध्याकाळच्या आत मंजुरी आली. मारुती डॉक्टरांच्या पाया पडायला लागला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी सुन्न झाले होते. एवढं सोपं होतं? मग ती म्हातारी कशासाठी कण्हत पडली होती?

पुढं ऑपरेशन नीट झालं. आई वॉकर धरून उभी राहिली, असं मारुतीनं फोनवर सांगितलं.

मी पुण्याला आमच्या साहेबांना फोन लावला. “सर, एक प्रश्न वाढवा. ‘बघू’ किती वेळा ऐकलं? नाहीतर आपली सगळी शून्यं खोटी आहेत.”

साहेब म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे तुमचा. बघू.”

“म्हणजे नाही?”

“नाही असं कुठं म्हणालो मी?”

फोन ठेवला. तेव्हापासून मी डॉक्टरांना नकार किती आले हे विचारून थांबत नाही. किती पेशंटसाठी कंपनीला फोन केला आणि कंपनी ‘हो’ किती वेळा म्हणाली, तेही विचारते.