पाणबुड्याची खडखड

चिकटमामांच्या दुकानात दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. रस्त्याकडच्या खोलीत त्यांची मुलगी नवी पिनबॉल मशिनं विकायची. एके काळी गाजलेल्या मशिनांच्याच या नव्या आवृत्त्या. वर तीच चित्रं, तेच पाय, खाली गोळी उडवणारे तेच दोन फ्लिपर. पोटात मात्र सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार. मागच्या खोलीत मामा जुनी, अस्सल मशिनं दुरुस्त करून विकायचे. गिऱ्हाईक अर्थातच पुढच्या दारानं यायचं आणि मुलीच्या तावडीत सापडायचं. ते नव्या मशिनावर भाळतंय असं वाटलं, की मागून मामांचा खोकला ऐकू यायचा.

"बाबा, त्यांना स्वतःहून येऊ द्या ना आत."

"मी काय केलं? आता माणसानं खोकायचंही नाही?"

मग गिऱ्हाइकासमोरच जुंपायची. मामा म्हणायचे, "हिच्या मशिनात घंटा नाही, घंटेचं रेकॉर्डिंग आहे. त्याला आकडे फिरवणारी चाकं नाहीत, चाकांचा फोटो आहे." मुलगी म्हणायची, "यांच्या अस्सलाला दर आठवड्याला डॉक्टर लागतो. माझं बटण दाबलं की चालतं." गिऱ्हाईक बिचारं एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

चिकटमामा हे नाव त्यांना सोबतच्या मेकॅनिकांनी दिलेलं. एकदा हात घातला की जेवणखाण विसरून त्या कामाला चिकटून बसायचे. हे तरुणपणी, खेळघरात नोकरीला होते तेव्हाचं. त्या मोठ्या हॉलमध्ये रांगेनं मशिनं मांडलेली असत आणि दाराशी काउंटरवर एक मुलगी टोकन द्यायला बसायची. काउंटरला तिन्ही बाजूंनी फळ्या होत्या. तिला तिथून एकही मशीन दिसत नसे, पण ऐकू मात्र सगळं येई. मामा हातात पाना घेऊन हॉलमधून हिंडायचे आणि फळीमागून हाक यायची, "अहो, पाणबुड्याची घंटा अडकलीय बघा!"

पाणबुड्या म्हणजे भिंतीकडेचं मशीन. त्याच्या काचेवर समुद्राच्या तळाशी दिवा घेऊन उतरलेला एक पाणबुड्या रंगवलेला होता. हॉल बंद झाल्यावर ती काउंटरवरून उठून सरळ पाणबुड्यापाशी जायची आणि अशी खेळायची, की झाडूवालाही झाडू टेकवून बघत राहायचा. मामा मशिनं दुरुस्त करायचे, पण खेळायचे कधी नाहीत. एकदा तिनं त्यांना बळेच उभं केलं. दांडा ओढून सोडला, गोळी वर गेली, वळली आणि दोन फ्लिपरच्या मधून सरळ खाली. मामांचं तोंड एवढंसं झालं.

"पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं," ती म्हणाली. "परत ओढा."

मामांनी परत दांडा ओढला, आणि पुढे रीतसर लग्नही झालं. तेव्हापासून ती सगळ्यांची मामी.

आता मामींना दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही खाल्लं. उरला तो फक्त उजेड-अंधार. मामांनी जिवाचं रान केलं, एकही डॉक्टर सोडला नाही. पण डोळे गेले त्यापेक्षा त्यांना भीती वाटायची ती मामींच्या एका वाक्याची. फिरायला येतेस का? माझं झालं आता. रेडिओ लावू? नको, माझं झालं आता. पूर्वी भाजीवाल्याशी घासाघीस करताना गल्ली डोक्यावर घेणारी ही बाई, आता दुकानात मधल्या दाराशी खुर्ची टाकून दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायची. मामांना वाटायचं, एकेक दिवा मालवावा तशी ही घरातून निघून चाललीय आणि आपण नुसते बघतोय.

पाणबुड्याची नवी आवृत्ती बाजारात आलीय हे मुलीला कळलं, तेव्हा तिनं ती आईसाठी म्हणूनच मागवली. मामींचा हात धरून तिनं त्यांना मशिनापुढे उभं केलं. मामींची बोटं बटणांवर बरोबर गेली. गोळी सुटली, ढाणढाण आवाज सुरू झाले आणि मामींनी मान इकडे तिकडे वळवली. गोळी गेली. दुसरी गेली. तिसरीला त्यांनी बटणं दाबलीच नाहीत.

"सगळे आवाज एकाच तोंडातून येतात गं," त्या म्हणाल्या. "गोळी कुठेय तेच कळत नाही."

मशिनाच्या पोटात स्पीकर एकच होता. मागच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मामांना पहिलं काय वाटलं असेल, तर आनंद. बघा, नक्कल ती नक्कलच! आणि दुसऱ्याच क्षणी बायकोचे मशिनावरून खाली आलेले हात दिसले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मामांनी एकच ध्यास घेतला. खेळघराचा तो अस्सल पाणबुड्या शोधायचा. हॉल बंद पडला तेव्हा मशिनं दाही दिशांना गेली होती. जुन्या ट्रकवाल्यांना विचार, भंगारवाल्यांना विचार, असं करत करत शेवटी एका छापखान्याच्या गोदामात, कागदाच्या रिळांमागे तो सापडला. मामा गुडघे टेकून त्याच्याखाली शिरले. तळाशी एका तारेला त्यांनीच तरुणपणी दिलेला कथलाचा डाग होता, जाडा आणि ओबडधोबड. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

छापखान्याचा मालक प्रामाणिक माणूस. म्हणाला, "आधीच सांगतो, वाजतं फार. नुसती खडखड. नंतर तक्रार नको."

"माझ्या हातात आलं की ब्र काढणार नाही ते," मामा हसून म्हणाले.

आणि मग ते त्या मशिनाला चिकटले. मुलीनं एवढं चिकटलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गोळी धावते त्या लाकडी पाटावरचे खड्डे भरले, घासले, वर मेण लावून आरशासारखं केलं. पाटावर गोळी अडवणारे सैल खांब काढून नवे बसवले. झिजलेली रबरं बदलली. खुळखुळणाऱ्या पत्र्याखाली जाड कापड चिकटवलं. जुना काढलेला भाग फेकायचा नाही, डब्यात घालून त्याच मशिनाच्या पोटात ठेवायचा, म्हणजे आधी काय होतं ते पुढच्या मेकॅनिकला कळतं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. तीही त्यांनी पाळली. डबा गच्च भरला. एक नेहमीचं शौकीन गिऱ्हाईक येऊन बघून गेलं आणि म्हणालं, "मामा, मानलं! अगदी नव्यासारखं झालंय." मामांना दोन दिवस जमीन दिसेना.

मग त्यांनी मामींना आणलं. "अगं, आपला पाणबुड्या आहे. तोच. माझा डाग आहे खाली."

मामींनी काचेवरून, कडेवरून हात फिरवला. चेहरा जरासा उजळला, हे मामांनी पाहिलं. मामींनी दांडा ओढला. वर एक घंटा वाजली. खरीखुरी, डाव्या कोपऱ्यातली. मामींची मान तिकडे वळली. पण मग काहीच नाही. मेणाच्या पाटावरून गोळी तेलासारखी घसरली, एकही खांब बोलला नाही, एकही पत्रा वाजला नाही. फ्लिपर हलले तेव्हा ती कधीच खाली गेलेली होती. दुसरी गोळीही तशीच गेली.

"छान केलंत हो," मामी म्हणाल्या. "हाताला किती गुळगुळीत लागतंय." मग चाचपडत आपली खुर्ची शोधली. "माझं झालं आता. उगाच त्रास घेतलात."

त्या घरी गेल्यावर मुलगी मागच्या खोलीत आली. तिनं स्वतः एक गोळी खेळून पाहिली. टोमणा मारायचा नव्हता तिला. आवाजच सांगत होता.

"बाबा, हे आता माझ्या खोलीत ठेवलं तरी चालेल."

मामा भडकले. अक्कल काढली, दार आपटलं. पण एकटे राहिल्यावर त्यांनी दांडा ओढला, डोकं काचेला टेकवलं आणि ऐकलं. जगभरच्या नकलांना नावं ठेवली आपण, आणि तिच्या एकुलत्या एका अस्सलाची नक्कल आपल्याच हातांनी करून ठेवली. छापखानेवाला सांगत होता, वाजतं फार म्हणून. तिला तेच तर हवं होतं. फळीमागे बसून तिनं हे मशीन पाहिलं होतं कधी? ऐकलंच होतं. आणि बायकोला दिसत नाही ही गोष्ट आपण डॉक्टरांना शंभरदा सांगितली, पण स्वतःच्या डोक्यात शिरू दिली नाही. तिच्यासाठी केलेलं मशीनसुद्धा आपण डोळ्यांनीच सुंदर केलं. मामा स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मामींची खुर्ची मशिनाला लावली, काच उतरवली आणि पोटातला डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काउंटरवर बसून तुला काय काय ऐकू यायचं, सांग."

"आता कशाला ते?"

"मला आठवत नाही म्हणून विचारतोय. मी कधी ऐकलंच नाही. मी फक्त दुरुस्त करायचो."

मामींनी मांडीवरच्या डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "वर डावीकडे गोळी वळली की खर्रर व्हायचं."

मामांनी तिथलं भरलेलं लाकूड पुन्हा उकरलं. गोळी सोडली. "असं?"

"अजून जाड." त्यांनी आणखी उकरलं. "हां. आता मधे एक खांब होता, गोळी लागली की दोनदा बोलायचा. टक-टक." मामींनी डब्यात हात घातला, एकेक तुकडा कानाशी धरून हलवला आणि त्यातला एक पुढे केला. "हा बघा." मामांनी आपला नवा चकचकीत खांब काढला आणि तो जुना, सैल खांब बसवला. टक-टक. मामींना हसू फुटलं.

"आणि उजवीकडचा पत्रा कुठे गेला? गोळी खाली यायला लागली की तो तडतडायचा. तो वाजला की सावध व्हायचं."

"त्याच्याखाली कापड घातलंय मी."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मामी करवादल्या. कितीतरी महिन्यांनी करवादल्या. मामांनी चिमट्यानं कापड ओढून काढलं; असं बोलणं ऐकायला त्यांनी आख्ख्या मशिनाचा चुरा केला असता. सगळ्यात शेवटी त्यांनी मेण पुसलं. पाट पुन्हा डागाळलेला, ओरखड्यांचा दिसू लागला. ते शौकीन गिऱ्हाईक आता आलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता.

काच बसवली. मुलगी मधल्या दारात येऊन उभी राहिली. मामी खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि दांडा ओढला. खर्रर. टक-टक. घंटा. त्यांचं डोकं गोळीबरोबर फिरत होतं. पत्रा तडतडला आणि डावा फ्लिपर खाडकन उठला. गोळी परत वर गेली. मुलीनं तोंडावर हात धरला. गोळी येत राहिली, जात राहिली, आकड्यांची चाकं खटाखट फिरत राहिली, आणि मामींच्या चेहऱ्यावर ती काउंटरवरची मुलगी बसलेली मामांना स्पष्ट दिसली. केव्हातरी गोळी निसटली. मामींना धाप लागली होती.

"आता तुमची पाळी," त्या म्हणाल्या.

मामा पुढे झाले. बटणांवर बोटं ठेवली आणि डोळे मिटून घेतले. दांडा सोडला. कुठेतरी खर्रर झालं, मग एकदम सगळीकडून आवाज आले, आणि त्या अंधारात आपण कुठे उभे आहोत हेच मामांना समजेना. काय तडतडलं ते कळायच्या आत ठक्कन गोळी खाली गेली.

"एवढ्यात?" मामी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "डोळे मिटले होते का हो?"

मामांनी नुसतं "हं" केलं. मामींचा हात हवेत चाचपडत आला, आणि त्यांची बाही सापडल्यावर तिथेच राहिला.

"पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं," त्या म्हणाल्या. "परत ओढा."