इलाजाआधीचं रक्त

रक्तबाई सुई टोचताना "दुखत नाही" असं कधी म्हणाली नाही. "दुखते. हात हलवू नको, याडी," एवढंच. दारव्ह्याकडच्या तांड्यातली पोरगी. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. शहरातल्या कुठल्याशा संशोधनासाठी ती गावोगाव रक्त गोळा करायची, म्हणून आम्ही तिला रक्तबाई म्हणायचो.

कापसाने माणसं मारली ती वर्षं. गाड्या भरभरून लोक यायचे, कोणत्या घरी कोणी विष घेतलं ते लिहून न्यायचे. बायांना काय दुखतं, हे एकानेही विचारलं नाही. हिनेच विचारलं.

"आमचं रगत नेऊन करतं काय?" मी एकदा तोंडावरच म्हटलं.

"आमचे आजे बैलावर मीठ वाहत ना, तसं शरीरात चरबी इकडून तिकडं वाहून नेणारं एक प्रथिन हाये. शुगर असली की त्याचं काम बिघडते. कॅन्सरच्या काही गाठीत तेच लय वाढते. ते काहून वाढते, हे पाहून राह्यलो."

"मंग आम्ही बऱ्या होऊ?"

"तुमी नाही. मागून येणाऱ्या झाल्या तर होतील."

खोटं बोलणं तिला जमतच नव्हतं.

माझ्या नणंदेला, शांतेला, शुगर होती. त्या वर्षी कापसाच्या वेचणीत तिने छातीतली गाठ रक्तबाईला दाखवली. रक्तबाईच्या साहेबाला अशीच बाई हवी होती, पण तिचं रक्त इलाज सुरू व्हायच्या आधीचं पाहिजे. नमुने न्यायची बर्फाची पेटी यायला पंधरा दिवस होते. साहेब फोनवर म्हणाला, तोवर तिला दवाखान्यात नेऊ नका. मीही काही शहाणी नव्हते. म्हटलं, "वेचणी तर होऊ दे."

"मंग जा, गाठीले सांगून ये वेचणी हाये म्हणून!" रक्तबाई माझ्यावर खेकसली. त्याच दुपारी तिने शांतेला जीपमध्ये बसवलं आणि यवतमाळला घेऊन गेली. गाठ काढली. महिनाभरात रक्तबाईला कामावरून काढलं.

शांता पुढे नऊ वर्षं जगली. नऊ वर्षं आम्ही दोघींनी त्या साहेबाला शिव्या घातल्या. रक्तबाईने एकही घातली नाही. ती आता दारव्ह्यात एका डॉक्टरच्या दारात पेशंटचे नंबर लावत बसते. मी साहेबाचा विषय काढला की चिडते.

"सोड न याडी त्याले. काम खरं होतं. त्या प्रथिनाचं पुढं काय झालं, तेवढं कोणी सांगाले पाहिजे होतं मले."

तिला सांगायला आजवर कोणी आलेलं नाही.